सुकतीत स्टोअर बंद

आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये ओहोटीच्या वेळी नट-बोल्ट मिळत नसत.

हे सांगितलं की लोक हसतात. हसू नका. मी तिथं प्रॉडक्शन बघतो. आखातातल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात फायबरच्या बोटी बनवण्याचा आमचा लहानसा कारखाना आहे. साच्यावर रेझिन घट्ट व्हायला लागलंय, डिलिव्हरीची तारीख डोक्यावर आहे, आणि मी चिठ्ठी घेऊन स्टोअरच्या खिडकीशी उभा आहे. आत स्टुलावर चाचा, आमचे स्टोअरकीपर. उजव्या मनगटावरचं घड्याळ बघतात आणि खिडकीची फळी खाली ओढतात. "सुकती लागली. तासाभरानं या."

सुकती म्हणजे ओहोटी. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या माणसाचा शब्द. समुद्र आमच्या कारखान्यापासून चांगला लांब, मधे तीन गोदामं आणि एक गॅरेज. पण चाचांचं म्हणणं असं, की सुकती लागताना बाहेर गेलेला माल परत येत नाही. ड्रिल मशीन जातं, क्लॅम्प जातात, पान्हे जातात. एकदा पाणी नीट उतरायला लागलं की मग हरकत नाही. पहिला तास मात्र कुलूप. त्या तासात हा माणूस फोनही उचलत नसे. इतर वेळी उचलला की 'हॅलो' नाही, 'सलाम' नाही. "बोला. भरती हाय," असं म्हणत.

त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी तोंडसुख घेईन तेव्हा वाचणाऱ्याच्या ते ध्यानात राहील. पण नोकरी गेली म्हणून माझा राग खोटा ठरत नाही. आजही नाही.

चाचा दोन घड्याळं वापरत. डाव्या हातावर ड्यूटीचं, उजव्या हातावर पाण्याचं. रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम म्हणजे उजवं घड्याळ पाऊण तास मागं सारणं, कारण भरती रोज तेवढी उशिरा येते. ते होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मग डावा कान झाकून उजवा पुढं करायचा. वर्षानुवर्षं ग्राइंडरच्या आवाजात उभं राहून डाव्या कानानं राजीनामा दिला होता, आणि उजवाही नोटीस पिरियडवर होता. पण कमी ऐकू येणारी माणसं निदान "काय म्हणालात?" असं विचारतात. चाचांना ते कमीपणाचं वाटे. ते अर्धं ऐकत आणि उत्तर मात्र पूर्ण देत.

त्यात त्यांची ती खोड. चिठ्ठीवर लिहिलंय ते ते कधी देत नसत. चिठ्ठी हातात घ्यायची, वाचायची नाही, आणि विचारायचं, "कशाला पायजे?" मी सांगायचो, अमुक बोटीच्या झाकणाला. मग ते आत जाऊन तिसरंच काहीतरी घेऊन येत. दहा स्क्रू मागितले तर सहा, आणि तेही वेगळ्या मापाचे.

"चाचा, चिठ्ठीवर दहा आहेत."

"तुमी मागताव ते नको. लागतंय ते घ्या."

सहापैकी चार वेळा ते बरोबर निघत, हे मान्य. उरलेल्या दोन वेळा काम बंद पडे, आणि त्या दोन वेळच्या शिव्या मॅनेजर मला देई. चार वेळची शाबासकी कुणाला मिळाली हे काही आठवत नाही.

शब्दांवरून तर रोज भांडण. आमच्याकडे उत्तरेतली बरीच पोरं आहेत. ती घरी फोनवर बोलताना म्हणत, "हम खाडी में काम करते हैं." त्यांच्या हिंदीत खाडी म्हणजे हा अख्खा आखाती मुलूख. चाचा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत, "खाडी में? खाडी में क्या करता है रे तू? तैरता है? वेल्डिंग करता है ना? तो बोल, वेल्डिंग करता है!" पोरं म्हणत, चाचा, सब लोग ऐसा ही बोलते हैं. चाचा म्हणत, सब लोग गलत. खाडी म्हणजे त्यांच्या गावाला जी आहे ती. बाकीच्यांनी तो शब्द विनापरवानगी वापरलेला.

एवढा शब्दाचा पक्का माणूस. आणि माझ्याच वेळी त्यानं माती खाल्ली.

*

माझे वडील, अण्णा, सोलापूरकडच्या आमच्या गावाला असतात. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्यावर नोकरी केली. हेडपासून टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या मुखापासून शेपटापर्यंत, आधी सायकलवर आणि मग खात्याच्या मोटरसायकलवर. पाणी कुणाला किती दिवस, कुठलं दार किती वर उचलायचं, कुणी रात्रीतून चोरून पाणी ओढलं, हे सगळं त्यांच्या अंगावर. टेलच्या लोकांना पाणी पोचत नाही म्हणून तीस वर्षं शिव्या खाल्ल्या. काठावर खात्याचा बोर्ड होता, कालव्यात उतरण्यास सक्त मनाई. तो बोर्ड अण्णांनी असा पाळला, की तीस वर्षांत कालव्यात पाऊल घातलं नाही. एकदा पोरांनी टायरच्या ट्यूबवर फळ्या बांधून तराफा केला होता. तो त्यांनी जप्त केला आणि ऑफिसच्या पडवीत ठेवला. रिटायर होताना एवढंच म्हणाले, "त्या तराफ्यावर एकदा बसायला पायजे होतं. हेडला बसायचं आणि टेलला उतरायचं. पाणी कसं जातंय ते पाण्यावरनं बघायचं."

गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. नंतर डॉक्टरांनी एकदा विमानानं जा म्हणून परवानगी दिली आणि ते व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले. आल्याच दिवशी सांगून टाकलं, "ही एकच खेप. परत बोलवू नको." मी शब्द दिला, की अण्णा, इथं वस्तीच्या मागं खणलेला कालवा आहे, बांधीव काठांचा, सरळ, आणि त्यात बोटी चालतात. तुम्हाला बोटीतून हेड ते टेल नेतो. बोर्ड नाही, मनाई नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी सुनेकडून एक वही मागून घेतली आणि तिच्यात रेघा मारून ठेवल्या. वेळ, पातळी, शेरा.

तर एवढीच गोष्ट होती. ह्या माणसाला एकदा कालव्यातून न्यायचं. पुन्हा संधी नाही.

कारखान्यात एका गिऱ्हाइकानं ऑर्डर देऊन न नेलेली सपाट बुडाची बोट पडून होती. केबिन, दोन बाकं, छोटा ओटा, संडास, सगळं होतं. मॅनेजरच्या हातापाया पडून ती मी तीन दिवसांसाठी मिळवली. परवानग्या काढल्या. पण चालवणार कोण? स्टाफमध्ये लायसन एकाच माणसाकडे. तो तिशीत इथं आला तो बोटीवरच्या नोकरीलाच, स्टोअरमध्ये नंतर बसला.

मी चाचांच्या खिडकीशी गेलो. भरती बघून गेलो, उगाच दोष नको. मागं ग्राइंडर चालू होता.

"चाचा, वडिलांना कालवा दाखवायचाय. बोट घेऊन जाऊ."

"काय दाखवायचाय?"

"कालवा! कालवा!"

चाचांचा चेहरा असा खुलला, की मला आश्चर्यच वाटलं. "वडलांना आवडतंय?"

"आवडतंय म्हणजे काय! तीस वर्षं कालव्यावर पोट भरलं त्यांनी. त्यांचं काय, आमचं सगळ्यांचंच."

"तीस वरसं?"

"तीस वर्षं. रोज सकाळी उठून कालव्यावर. उन्हाळा नाही, पावसाळा नाही."

"पावसात पन?" चाचांनी खालचा ओठ पुढं काढून मान हलवली. "मोठा माणूस हाय. मी नेतो. दिवस मी सांगेन, वेळ मी सांगेन. त्यात बोलायचं नाय."

दिवस सांगितला तो कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीचा. वेळ सांगितली पहाटे सहाची. मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे, मुलगी लहान आहे, नऊला निघू. चाचा म्हणाले, "नऊला काय बगणार? पानी?"

मला वाटलं, विनोद केला. मी हसलो. ह्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

*

ऑक्टोबर उजाडला की इथं माणसात आल्यासारखं वाटतं. हवा सुटलेली असते, सकाळी दार उघडलं तर भट्टीची वाफ अंगावर येत नाही. सहाला आम्ही धक्क्यावर होतो. मी, बायको, पाचवीतली मुलगी आणि अण्णा. बायकोनं रात्री धपाटे करून घेतले होते, शेंगदाण्याची चटणी, दही, थर्मासमधे चहा. अण्णांनी पांढरी टोपी घातली होती, इस्त्रीची. खिशाला दोन पेनं. तीन दिवसांची सुट्टी, पहिला दिवस, आणि सूर्य अजून पुरता वर आला नव्हता. मी फार खूश होतो.

चाचा दोन बादल्या, एक कोयती आणि गोणपाट घेऊन चढले. कशाला, असं मला विचारावंसं वाटलं नाही. त्या माणसाच्या हातात नेहमीच काहीतरी न विचारण्यासारखं असे.

निघालो. कालवा डावीकडे. चाचांनी बोट उजवीकडे घातली.

"चाचा, डावीकडे ना?"

डावा कान माझ्याकडे होता.

उजवीकडे तिवरांचं बेट लागलं. हिरवी दाट झाडी, मधून गल्लीएवढी वाट, दोन्हीकडे चिखल. मला वाटलं, वळसा घालून नेत असतील. मुलगी म्हणाली, "पप्पा, धिस इज नॉट अ कॅनॉल." मी म्हटलं, गप्प बस, अंकलना माहीत आहे. अण्णा रेलिंग धरून उभे होते आणि काठाकडे बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "अरे, ह्याचं अस्तरीकरण केलेलं न्हाई."

मग इंजिन बंद झालं. बोट एकदा हलली, खरवडली आणि थांबली. पाणी आमच्या देखत उतरत होतं. दहा मिनिटांत बुडाखाली चिखल दिसायला लागला, वीस मिनिटांत बोट एका कुशीवर कलली, आणि थर्मास घरंगळत जाऊन संडासाच्या दाराला लागला.

"चाचा! बोट अडकली!"

"अडकली नाय, बसवली," चाचा म्हणाले. विजार गुडघ्यापर्यंत वर सारलेली, हातात कोयती. समोरच्या काळ्या खडकांकडे हात करून म्हणाले, "मोठी सुकती हाय. चला अण्णा, यल्ला! कालवां!"

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे, म्हणजे घाटावर, कालवा म्हणजे शेताला पाणी नेणारा पाट, मोठा. कोकणात कालवं म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. ओहोटीला जाऊन कोयतीनं फोडायचे आणि आतलं मांस खायचं. त्यांच्या गावच्या बोलीत ह्या कालवांच्या शेवटी एक अनुस्वार असतो, एवढाच काय तो फरक. एक अनुस्वार. त्या अनुस्वारावर माझी बोट चिखलात बसली होती.

आणि अण्णा अंडंसुद्धा खात नाहीत.

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोललो. पंधरा वर्षांचं साचलेलं होतं, ड्रिल मशीनपासून सगळं बाहेर आलं. चाचा उजवा कान पुढं करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमीच बोललाव, रोज कालवांवर. तीस वरसं. मी मनात म्हटलं, पावसात पन खातात म्हंजे काय माणूस असंल!"

बायको फिसकन हसली. ती हसली म्हणून मी आणखी भडकलो. "ऐकू येत नाही तर विचारायचं! बहिऱ्या माणसानं बोट कशाला चालवावी?" असं मी बोललो. चाचांनी ते वाक्य मात्र पूर्ण ऐकलं. ते खाली उतरले, चिखलातून खडकापर्यंत गेले, दोन-चार ठिकाणी कोयती मारून बघितली, आणि रिकामी बादली घेऊन परत आले. "मेलेली हायत. नुसत्या शिपल्या," म्हणाले.

म्हणजे कालवा नाही तो नाही, आणि कालवंसुद्धा नाहीत!

"पाणी कधी येणार?" मी विचारलं.

चाचांनी उजवं घड्याळ बघितलं. "अकरा वाजतील."

सात वाजले होते. चार तास. मी केबिनमधे जाऊन बसलो. कलत्या बाकावर पाय रोवून बसावं लागत होतं, नाहीतर माणूस घसरे. रागावलेल्या माणसाला सरळ बसायलाही जागा नव्हती, ह्याचाही राग आला. बाहेर काय चाललंय ते ऐकू येत होतं.

"काय ओ पाव्हणं," अण्णांचा आवाज. "पाणी परत येणार म्हणता. कोण सोडतं?"

"कोन नाय सोडत. चांद."

"चांद." वहीचं पान उलटल्याचा आवाज. "त्याची पाळी काय? रोज?"

"रोज दोनदा. पाऊन तास उशिरानं."

"अर्ज कुणाकडं करायचा?"

"अर्ज नाय."

"आणि टेलला? टेलला पोचतं का?"

"टेल म्हंजे?"

"शेवटाला. शेवटाच्या माणसाला."

चाचांनी समुद्राकडे हात केला असावा. "पानी तिकडून येतंय ना. शेवटाला म्हनाल तर शेवटालाच पैलं."

मी खिडकीतून बघितलं. अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ज्या माणसानं तीस वर्षं टेलच्या शिव्या खाल्ल्या, तो चिखलाकडे असा बघत होता, जणू कुणीतरी त्याचं काम येऊन करून गेलंय. मग त्यांनी चाचांकडून एक बांबू मागून घेतला, पेनानं त्याच्यावर खुणा केल्या आणि बोटीच्या कडेला चिखलात रोवायला लावला. दोघं बाकाला पाठ लावून बसले. बायकोनं धपाटे दिले. पाणी आलं तसं अण्णा वहीत लिहायला लागले. मुलगी ओरडायची, "ट्वेल्व्ह, आजोबा! नाऊ फिफ्टीन!" मधल्या वेळात चाचांनी त्यांना आणखी एक गणित शिकवलं. त्यांच्या गावाला चंद्राच्या तारखेला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते. इथलं पाणी वेगळं, इथं ते चालत नाही, म्हणून इथं घड्याळ. अण्णा म्हणाले, "म्हणजे पाऊणकीच की! चौथीत पाठ होती आमची."

हे सगळं मी ऐकत होतो आणि बाहेर आलो नाही. माझ्या वडिलांना मी आणलं होतं, बोट मी मिळवली होती, आणि मजा त्या माणसाबरोबर चालली होती.

अकराला पाच मिनिटं कमी असताना बोट सरळ झाली. चाचांनी इंजिन लावलं, हात पुसले, माझ्याकडे आले.

"तुमचा तो खनलेला कालवा बगायचा ना? हा काय, अर्ध्या तासावर. पानी चढतं हाय. यल्ला."

अण्णा आधीच डावीकडे तोंड करून उभे होते. टोपी पुन्हा डोक्यावर होती.

इथं मी थांबून सांगतो, कारण पुढचं कुणी मला विचारलेलं नाही, मीच सांगतोय. पहिल्याच दिवसाचे अकरा वाजले होते. अजून अडीच दिवस हातात होते. बोट धड होती, पाणी होतं, कालवा अर्ध्या तासावर होता आणि म्हातारा तयार उभा होता.

मी म्हणालो, "खलास. परत चला. मला नाही जायचं कुठं."

बायको म्हणाली, "अहो, असं काय करता?" मी तिच्याकडे बघितलं नाही.

अण्णा म्हणाले, "बरं."

उरलेली सुट्टी आम्ही घरात टीव्ही बघून काढली. सोमवारी सकाळी मी मॅनेजरला ईमेल लिहिला. तीन ओळी. सूचना देऊनही बोट भलतीकडे नेली. ऐकू येत नाही. अशा माणसाच्या हाती बोट आणि स्टोअर देणं धोक्याचं आहे. मंगळवारी अण्णांचं विमान होतं. विमानतळावर आत जाताना ते वळून म्हणाले, "पाव्हण्यांना माझा नमस्कार सांग." मी म्हटलं, सांगतो.

*

दोन महिन्यांनी चाचांच्या व्हिसाचं नूतनीकरण होतं. ते झालं नाही. मी मॅनेजरकडे गेलो, म्हटलं, मी रागाच्या भरात लिहिलं होतं. तो म्हणाला, "बट यू गेव्ह इट इन रायटिंग, नो?" माझ्या तीन ओळी फाइलला लावलेल्या होत्या. वर्षानुवर्षं ह्याच मॅनेजरनं कान गेलेल्या माणसाला ग्राइंडरशेजारी बसवलं होतं, तेव्हा त्याला लेखी काही लागलं नाही. त्याचाही मला राग आहे. पण ईमेल त्यानं लिहिला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात मी चिठ्ठी घेऊन खिडकीशी गेलो. सुकती लागलेली होती, मला आता ते आपोआप कळायला लागलं होतं. मी परत फिरणार तोच फळी वर गेली. चाचांनी चिठ्ठी घेतली. वाचली. "कशाला पायजे" विचारलं नाही. आत गेले आणि दहा बोल्ट आणून माझ्यासमोर मोजून ठेवले. चिठ्ठीवर होते तेवढेच, त्याच मापाचे.

"चाचा, सुकती आहे."

"आता काय सुकती नि काय भरती. घ्या."

मला फार वाईट वाटलं. त्या बोल्टांपैकी चार मला लागत नव्हते, हेही मला माहीत होतं. मी ते घेतले आणि निघून आलो. माफी मागायला तिथं एक मिनिट पुरलं असतं.

अण्णांना मी हे सांगितलं नाही. ते दर रविवारी फोन करत आणि विचारत, "पाव्हणं काय म्हणतात? आज तुमच्याकडं पाणी किती वाजता?" ते बोटीतल्या वहीवरून इथल्या भरतीचा अंदाज काढत आणि मला सांगत, पाव्हण्यांना विचार बरोबर आहे का. मी म्हणे, विचारतो. मग पुढच्या रविवारी म्हणे, विचारलं, बरोबर आहे म्हणाले. पाच-सहा महिने मी हे केलं. गावात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पोरानं मला बोटीत बसवलं. कालव्यात का, असं कुणी विचारलं तर म्हणत, "त्याच्याफुडं कालवा काय!" आता हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते, की खरंच, ते मला कळत नाही. आणि विचारायचं धाडस नाही.

मागच्या रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं. चाचा इथं नाहीत. गावी गेले. का गेले तेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "नंबर हाय?"

"आहे."

"मग?"

मी म्हटलं, "सुकतीत ते फोन उचलत नाहीत. आणि तिकडची सुकती-भरती मला काय माहीत?"

अण्णांनी फोन ठेवला. तीन दिवसांनी त्यांचाच आला. "आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. पाव्हण्यांच्या खाडीला तीन वाजता भरती. अडीचला लाव, पाणी चढतं असंल." आणि माझं काही ऐकायच्या आत बंद केला.

तिकडचे अडीच म्हणजे इथला एक. जेवणाची सुट्टी. मी स्टोअरच्या मागं जाऊन उभा राहिलो. मी सगळं ठरवून ठेवलं होतं. आधी मी त्यांना सुनावणार होतो, की न विचारता असं करायला नको होतं. मग ईमेलचं सांगणार होतो. मग माफी.

फोन उचलला गेला.

"बोला. भरती हाय."

"चाचा, मी बोलतोय. कारखान्यातून." मग जोरात, "चाचा, त्या कालव्याबद्दल बोलायचं होतं! माझं चुकलं, चाचा!"

पलीकडे कोंबडं ओरडत होतं, कुणीतरी भांडी घासत होतं.

"कालवां?" चाचा म्हणाले. "हायत की! इथं भरपूर हायत. थंडीत या. अण्णांना घेऊन या, घाट उतरला की आलंच गाव."

आता ह्या माणसाला काय म्हणावं! बरं, हे तरी ऐकू आलं होतं का, की मी काय म्हणालो? मी पुन्हा ओरडलो, कारखान्यातली दोन पोरं जेवता जेवता वळून बघायला लागली. "चाचा, माझं चुकलं म्हणतोय मी! आणि अण्णा कालवं खात नाहीत! तुम्हाला सांगितलंय!"

"खायला कोन सांगतंय?" चाचा म्हणाले. "होडीत बसतील."